विस्मय ओसरल्यानंतर

आक्षेपक : लोखंडाच्या सळया, काचेच्या नळ्या, विजेच्या मोटारी आणि टिनाचे पत्रे यांची जुळणी करून त्यांतून नाद उमटविणाऱ्या मंडळींना हल्ली कलावंत म्हणून जो मान मिळतो, त्याविषयी माझी पहिली शंका अशी आहे की, त्यांच्या कृतीपुढे उभा राहिलेला मनुष्य ऐकण्याच्या आधी पाहू लागतो, पाहता पाहता हे चालते तरी कसे या विचारात गुंतून पडतो, आणि नाद हा त्या यंत्राच्या चालूपणाचा केवळ पुरावा उरतो. ज्याँ तँगली या स्विस शिल्पकाराने 17 मार्च 1960 रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या बागेत सायकलींची चाके, मोटारी आणि एक पियानो यांचे जे अवाढव्य यंत्र उभारले, ते मुळी स्वतःचा नाश करून घेण्यासाठीच रचलेले होते. अर्ध्या तासाच्या आत ते पेटले, मोडले आणि अखेरीस अग्निशामक दलाच्या माणसाला पुढे व्हावे लागले. जमलेल्या प्रतिष्ठितांनी त्याचे कौतुक केले. कौतुकाबद्दल माझी तक्रार नाही. जत्रेतही पुष्कळ गोष्टींचे कौतुक होते, आणि ते निष्पापही असते. परंतु त्या संध्याकाळी त्या पियानोतून जे स्वर निघाले, ते ऐकण्यासाठी म्हणून तेथे कोण आले होते? वाद्याने स्वराची चाकरी करावी, ही आपली आजवरची समजूत. येथे स्वराला यंत्राच्या दिमतीला ठेवले आहे, आणि तरीही त्या प्रकरणाची नोंद संगीताच्या दफ्तरात व्हावी असा आग्रह धरला जातो. हा आग्रह मला मान्य नाही.

पुरस्कर्ता : साक्षीदार तुम्ही मोठ्या चातुर्याने निवडला आहे. तँगलीने जे केले ते या क्षेत्राचे एक टोक होते, आणि टोकावरून मुलखाची पाहणी होत नसते. आपल्या घरातल्या तबल्याकडेच पाहा. कातड्याच्या गोल पडद्यावर आघात केला असता जे उपस्वर निघतात ते मूळ स्वराशी सुसंगत नसतात, म्हणूनच बहुतेक ढोल-नगाऱ्यांतून ठाव लागेल असा निश्चित स्वर निघत नाही. पण आपल्याकडच्या कोणा अनाम माणसाला लोखंडाची भुकटी आणि भाताची खळ यांचा लेप पुडीच्या मध्यावर देऊन, तो थराथराने घोटून पाहावा असे वाटले, आणि त्या शाईने पडद्याच्या कंपनाचा स्वभावच पालटला. 1920 साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, आपल्या वाद्यांतील हे उपस्वर तारेच्या उपस्वरांप्रमाणे एका ओळीत येतात, हे 'नेचर' या नियतकालिकातून जगाला सांगितले. त्या अनाम माणसाने पहिला लेप दिला असेल तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला कलावंत म्हटले असेल काय? चांगले कातडे चिखलाने माखणारा चक्रम, असेच म्हटले असणार. मिरजेत 1850 च्या सुमारास तंतुवाद्ये घडवू लागलेले फरीदसाहेब तर शिकलगार, म्हणजे शस्त्रांना पाणी देणाऱ्या व धार लावणाऱ्या जमातीतले होते. पटवर्धनांच्या संस्थानात तलवारींची मागणी उतरली आणि गवयांची ये-जा वाढली, तेव्हा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे आणून त्या हातांनी तंबोरे व सतारी घडविल्या. त्या परंपरेतल्या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आजची प्रत्येक प्रतिष्ठित वस्तू एके काळी कोणाची तरी खटपट होती. खटपटीलाच आपण दारातून परत लावणार असू, तर उद्याचे वाद्य कोठून येणार?

आक्षेपक : तुमची दोन्ही उदाहरणे मला मान्य आहेत, आणि दोन्ही माझ्याच बाजूने बोलतात. फरीदसाहेबांनी तंबोरा केला तो कोणासाठी? गवयासाठी. गवई तो मांडीवर घेई, तारा छेडी आणि कपाळाला आठी घालून परत देई. मग घोडीचा पृष्ठभाग पुन्हा घासावयाचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवावयाचा आणि जवारी पुन्हा काढावयाची. जवारी बरोबर निघाली की नाही, याचा फैसला कारागिराच्या हाती नसे. तो त्या कानाच्या हाती असे, ज्याला षड्ज आधीच ठाऊक होता. शाईचा लेप देणाराही असाच बांधलेला होता, कारण समोर गाणारा बसलेला असे आणि डग्गा-तबला त्याच्या स्वराशी मिळाला नाही तर तो आपटून ठेवला जाई. या सर्व खटपटींना एक जाब विचारणारा होता. तुमच्या नादशिल्पकाराला जाब कोण विचारणार? सळई वाजली, तर तो म्हणतो, ही माझी कृती. न वाजली, तर म्हणतो, हे मौनही माझ्या कृतीचे अंग. बेसूर वाजली, तर म्हणतो, सूर ही तुमची जुनी सवय. ज्या कामात चूक होऊच शकत नाही, त्या कामात कौशल्याची मोजदाद कशी करावयाची? नवेपणाला माझा विरोध नाही. जामिनावाचून दिलेल्या मुभेला आहे.

पुरस्कर्ता : तर मग जामीन असलेले एक प्रकरण आपण तपासून पाहू, आणि तेही महाराष्ट्रातलेच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. आयुष्यभर महसुली कामात मोजणी आणि रुजुवात यांची सवय झालेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर तीच सवय स्वरांकडे वळविली, आणि आपल्या ग्रंथांतून ज्यांचा केवळ उल्लेख येतो त्या बावीस श्रुती नेमक्या कोठे असतात, हे तारेच्या लांबीवरून मोजून काढण्याचे व्रत घेतले. त्यांना साथ मिळाली खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची. खाँसाहेब गात आणि देवल मोजीत. 1910 साली देवलांचे इंग्रजी पुस्तक निघाले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अर्नेस्ट क्लेमंट्स या अधिकाऱ्याने या कामात रस घेतला. आणि 1911 च्या सुमारास लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यात बावीस श्रुतींची खास पेटी तयार करविण्यात आली. याहून अधिक जाबदार खटपट कोणती असू शकेल? जाब विचारण्यास साक्षात् भरताचे शास्त्र होते, किराण्याचा गळा होता, मोजपट्टी होती. आणि निष्पन्न काय झाले? 1916 साली बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने भातखंड्यांनी अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, तेथे श्रुतींचा वाद झडला, पण मतैक्य झाले नाही. आणि ती पेटी गवयांच्या बैठकीत रुजली नाही. उलट ज्या साध्या पेटीचे स्वर आपल्या रागांना परके म्हणून पंडितांनी धिक्कारले, जिला आकाशवाणीने 1940 साली बंदी घातली आणि ती बंदी जवळजवळ तीन दशके चालविली, ती पेटी त्याच काळात वऱ्हाडातल्या गावोगावच्या भजनी मंडळांत ठाण मांडून बसली. सुराला जाबदार असलेले यंत्र मागे पडले आणि आरोपी यंत्र घरात शिरले. तुमचा जामीन यशाची हमी देत नाही, एवढे तरी आता कबूल करा.

आक्षेपक : यशाची हमी मी दिलीच नव्हती. पण देवलांची पेटी का मागे पडली, याचे कारण शोधले तर तेही यंत्राच्या मर्यादेकडेच बोट दाखविते. त्यांनी श्रुतीचे स्थान मोजले. पण दरबारीतला गांधार एका स्थानी उभा राहत नाही. तो आंदोलित असतो, वरून खाली झुकतो, रिषभाला स्पर्शून परत फिरतो, आणि त्याचे लावण्य त्या ये-जा करण्यात असते. पट्टी दाबली की एकच कंपनसंख्या देणाऱ्या पेटीला स्थान कितीही अचूक दिले, तरी गती देता येत नाही. देवलांचा गणिती प्रामाणिकपणा वंदनीय आहे. त्यांच्या यंत्राने हाताला मात्र काही काम शिल्लक ठेवले नाही. याच्या उलट आपल्या विदर्भातले उदाहरण घ्या. नागपूरचे पंडित मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळाच्या तारा जोडल्या, तिला संवादिनी असे नाव दिले आणि स्वतंत्र वादनाची एक पद्धत तिच्यावर उभी केली. पट्टीतून जी मींड निघत नाही तिचा आभास भात्याचा दाब, बोटांची घसर आणि तारांची आस यांनी उत्पन्न करणे, ही त्यांची साधना. डॉ. विद्याधर ओक यांनी तर देवलांचाच प्रश्न पुन्हा हाती घेऊन बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली, आणि रागाप्रमाणे श्रुती निवडण्याची सोय वादकाच्या हाती ठेवली. या दोघांनीही यंत्रात बदल केला, परंतु हाताची जागा राखून केला. आता तुमच्या नादशिल्पाकडे या. कळ दाबली, मोटार फिरली, हातोडी पडली. येथे वादक कोठे आहे? शिल्पकार घरी झोपला असतानाही जे वाजत राहते, त्याला वादन म्हणावयाचे असेल, तर आमच्या पिठाच्या गिरणीने काय घोडे मारले आहे?

पुरस्कर्ता : गिरणीवर आपण पुढे येऊ, मला तिच्याविषयी तुमच्याइतका तिटकारा नाही. प्रथम एवढे स्पष्ट करतो की, सर्व नादशिल्पे मोटारीवर चालत नाहीत. फ्रान्समधील बर्नार आणि फ्रांस्वा बाशे या बंधूंनी 1952 पासून जी वाद्यशिल्पे घडविली, त्यांत विजेचा मुळी संबंधच नाही. काचेच्या दांड्यांवरून पाण्याने ओली केलेली बोटे फिरवावयाची, ते कंपन धातूच्या सळयांत उतरावयाचे आणि पत्र्याच्या मोठ्या पाकळ्यांतून सभागृहभर पसरावयाचे. बोटाचा दाब किंचित बदलला की स्वराचा पोत बदलतो. म्हणजे तुम्ही मागितलेली हाताची जागा तेथे आहे, कदाचित पेटीपेक्षाही अधिक आहे. अमेरिकेतला हॅरी पार्च हा तर देवलांचा दूरचा गुरुबंधूच. 1901 साली जन्मलेल्या या माणसाने हेल्महोल्ट्झचा स्वरशास्त्रावरचा ग्रंथ वाचला, पियानोचे बारा स्वर हा एक व्यावहारिक समझोता आहे अशी त्याची खात्री पटली, आणि त्याने सप्तकात त्रेचाळीस स्वर मानून ते वाजविण्यासाठी वाद्यांचा संपूर्ण परिवार स्वतः घडविला. त्यात पायाने भाता मारावयाची एक जुनी पेटीही होती, तिचे सूर त्याने आपल्या त्रेचाळीस स्वरांत लावून घेतले. म्हणजे सांगलीतल्या निवृत्त अधिकाऱ्याला जे सुचले, तेच तीसेक वर्षांनी कॅलिफोर्नियाकडच्या एका भणंगाला सुचले. पण पार्च तेथेच थांबला नाही. बर्कलेच्या किरणोत्सार-प्रयोगशाळेतून टाकून दिलेल्या काचेच्या मोठ्या बरण्यांचे घुमट त्याने टांगले आणि त्यांत कोणता स्वर आहे ते ऐकले. तोफगोळ्यांची रिकामी पितळी टरफलेही टांगली. आपल्या मैहरमध्ये अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग केला, तोही याच वृत्तीने. येथे मला दोन वेगळ्या जिज्ञासा दिसतात. देवल विचारतात, मला ठाऊक असलेला स्वर हे यंत्र उच्चारील काय? बाशे विचारतात, या काचेत आणि पोलादात मला ठाऊक नसलेले काय दडले आहे? तुम्ही पहिल्या जिज्ञासेला शास्त्र म्हणता आणि दुसरीला चाळा. हा भेद कोणत्या न्यायाने?

आक्षेपक : उत्तराधिकाराच्या न्यायाने. तुमच्या मंडळींच्या कृतींचे पुढे काय झाले, ते पाहा. लुइजी रूसोलो या इटालियन चित्रकाराने 1913 साली गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा काढला, भोंगे बसविलेल्या पेट्यांचा एक संच केला, युरोपात त्यांच्या मैफली केल्या. त्या मूळ यंत्रांपैकी एकही आज शिल्लक नाही. फ्रांस्वा बाशेने 1970 च्या ओसाका प्रदर्शनातील पोलाद-मंडपासाठी सतरा नादशिल्पे उभारली, तोरू ताकेमित्सूसारख्या मोठ्या संगीतकाराने त्यांच्यासाठी रचना केली. प्रदर्शन आटोपताच ती शिल्पे सुटी करून ठेवली गेली, आणि त्यांतली काही पुन्हा उभी राहण्यास चाळीस वर्षांचा काळ जावा लागला. पार्चची वाद्ये म्हणजे एकुलता एक संच. तो या विद्यापीठातून त्या विद्यापीठात आश्रितासारखा हिंडला, आणि पार्चचे संगीत मुळाबरहुकूम ऐकावयाचे तर त्या संचाची किंवा त्याच्या महाप्रयासाने केलेल्या प्रतिकृतीची मनधरणी करावी लागते. जे वाद्य जगात एकच आहे आणि ज्याच्यावर वाजणारे संगीत दुसऱ्या कशावरही वाजत नाही, त्याच्याभोवती गुरू, शिष्य, बैठक, चूक, दुरुस्ती आणि मतभेद यांचा संसार उभा राहणार कसा? आपल्या अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीस गुरुकुंज स्थापन केला आणि खंजिरीवर भजनाचा असा काही ठेका धरला की, तो गावोगाव पसरला. खंजिरीचे मोठेपण कशात? ती कोणत्याही आठवडी बाजारात मिळते, फुटली तर पुन्हा मढविता येते, आणि महाराजांचा ठेका ऐकलेला मुलगा घरी जाऊन परातीवर तो वाजवून पाहू शकतो. एकाची युक्ती शंभरांच्या हाती जाते तेव्हा तिची परंपरा होते. तुमच्या शिल्पांना वंश नाही. म्हणून ती वाद्ये नव्हेत, कुतूहलाच्या वस्तू आहेत.

पुरस्कर्ता : वंशाचीच अट असेल, तर मी तुम्हाला तो दाखवितो, आणि त्यासाठी ओसाकापर्यंत जाण्याचे कारण नाही. दर्यापूर, अचलपूर, अकोट, कोणत्याही रस्त्याने तुरीला शेंगा धरल्यानंतर जाऊन पाहा. पऱ्हाटी, तूर, हरभरा यांच्यावर रोही आणि रानडुकरे यांची धाड पडते, तेव्हा आपला शेतकरी जुन्या पंख्याची पाती किंवा सायकलचे चाक एका खांबावर आडवे बसवितो, त्याच्या कण्याला दोरीने किंवा साखळीने नट-बोल्ट बांधतो, समोर स्टीलचे ताट, टिनाचा पिपा किंवा फुटकी बादली टांगतो, आणि वाऱ्याच्या भरवशावर रात्रभर खडखडाट चालू ठेवतो. वारा नसेल तेथे छोटी मोटार लावतात. कोणी पाण्याच्या धारेवर लवणारा आणि रिकामा होताच दगडावर आपटणारा डबा योजतो. या यंत्राचा कर्ता कोणी एक नाही, त्याची सनद कोणाच्या नावे नाही, त्याचा नकाशा कोणत्याही कचेरीत दाखल नाही. तरीही ते हजारो वावरांत आहे आणि कोणतीही दोन वावरे सारखी वाजत नाहीत, कारण ताट वेगळे, वारा वेगळा, बोल्टचे वजन वेगळे. एक शेतकरी दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून त्याचे यंत्र ऐकतो आणि घरी येऊन आपल्या यंत्राची साखळी आखूड करतो. तुम्ही सांगितलेला संसार हाच नव्हे काय? युक्ती, अनुकरण, दुरुस्ती, मतभेद, सारे काही येथे आहे. आणि जाब विचारणाराही आहे. तो रात्री दोन वाजता पिकात शिरतो. बाशेंच्या पाकळ्या आणि हा पिपा यांच्यामधल्या अंतरात कला नेमकी कोठे सुरू होते, हे मला तुम्ही दाखवून द्यावे.

आक्षेपक : उदाहरण नामी आहे, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानून मी ते जप्त करतो. त्या यंत्राचा हेतू भिवविणे हा आहे. पण हेतूवर मी अडून बसत नाही, कारण नगारेही एके काळी रणांगणावर वाजत होते. मला महत्त्वाची वाटते ती त्या यंत्राची अखेर. नवा पिपा बांधला की आठ-पंधरा दिवस रोही फिरकत नाहीत. मग एखादे धीट जनावर बांधावर उभे राहून ऐकते, त्या आवाजामागे माणूस नाही हे त्याच्या ध्यानात येते, आणि महिन्याभरात सबंध कळप त्या खडखडाटात निर्धास्तपणे तूर खातो. म्हणून शेतकऱ्याला यंत्राची जागा बदलावी लागते, ताटाऐवजी पत्रा टांगावा लागतो. काही जणांनी आता मनुष्याच्या आरोळ्या भरलेले भोंगेही बसविले आहेत, आणि त्यांनाही जनावर सरावते. दचकणे हेच ज्या नादाचे भांडवल असते, त्याचे आयुष्य ऐकणारा सरावेपर्यंतचे. माझा मूळ आक्षेप मला आता अधिक नेमका मांडता येतो. तँगली असो, रूसोलो असो, त्यांचा नाद आपल्याला दचकवितो; दुसऱ्या खेपेस तो कमी दचकवितो; तिसऱ्या खेपेस आपण घड्याळाकडे पाहतो. यमन मी बालपणापासून ऐकत आलो. त्यात तीव्र मध्यम येणार हे मला ठाऊक असते, तो कोणत्या वळणावर येणार हेही पुष्कळदा ठाऊक असते, आणि तरी तो आला की मन हलते. संगीत तेथे सुरू होते जेथे विस्मय ओसरलेला असतो. नादयंत्राला ही परीक्षा द्यावयाची आहे, आणि ती देण्याचे टाळून ते दर खेपेस नवा पत्रा टांगते.

पुरस्कर्ता : ही परीक्षा मला मान्य आहे, आणि ती माझ्या बाजूनेच मागावयास हवी होती याची मला थोडी खंतही वाटते. पण मान्य केली की तिची कलमे पुरी वाचली पाहिजेत. पहिले कलम मुदतीचे. विस्मय ओसरल्यानंतर काय उरते हे ठरवावयाचे, तर विस्मय ओसरेपर्यंत ऐकण्याची संधी मिळाली पाहिजे. यमनाला तुम्ही सबंध आयुष्य दिले. नादशिल्पाला एखाद्या दालनात पाच मिनिटे देता, तीही मागून येणाऱ्यांची रांग सांभाळीत. साधी पेटीदेखील या देशात आली तेव्हा विलायती खेळणे होती, आणि तिच्यावरचा विस्मय व तिटकारा हे दोन्ही ओसरण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. दुसरे कलम श्रोत्याचे. तुम्ही यंत्र ऐकणारा रोही पाहिला, पण त्याच वावरात जागलीला आलेला माणूसही आहे. त्यालाही तो खडखडाट पहिल्या रात्री झोपू देत नाही. मग तो सरावतो. आणि सरावल्यानंतर त्याच्या कानी अशा गोष्टी येऊ लागतात ज्या आधी येत नव्हत्या. वारा कोणत्या बाजूने वळला, तो कितपत जोरात आहे, दोरी भिजली आहे की कोरडी, हे तो खाटेवर पडल्या पडल्या सांगतो, आणि यंत्र अडकून थांबले की गाढ झोपेतून जागा होतो. अकोल्या-अमरावतीच्या जिनिंगचे भोंगे ज्यांच्या दिनचर्येचे माप होते, त्या पिढीचीही गोष्ट याहून वेगळी नव्हती. तेव्हा विस्मय ओसरल्यावर जनावरापाशी काही उरत नाही, माणसापाशी उरते. एकच यंत्र, एकच नाद. फरक ऐकणाऱ्याच्या ठिकाणी पडला. मग केवळ यंत्राची उलटतपासणी करून तुम्ही निकाल कसा देणार?

आक्षेपक : तुमचे दुसरे कलम मला विचारात पाडते, हे मी लपवीत नाही. तथापि, जागलीवरच्या माणसाला जे मिळते ती वार्ता आहे. वारा वळला, दोरी भिजली, यंत्र थांबले. त्या वार्तेचे मोल मोठे आहे, परंतु ती कळल्यावर तो कूस बदलून झोपतो; पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटणारी गोडी तिच्यात आहे, असे तो स्वतःही म्हणणार नाही. तरी मुदतीविषयीचा तुमचा दावा न्याय्य आहे, म्हणून मी एक तजवीज सुचवितो. नादशिल्प दालनात ठेवू नका. ते रस्त्याच्या कडेला, बागेत, बसस्थानकाजवळ, जेथून तीच माणसे रोज जातात तेथे उभारा. त्याच्याशेजारी कर्त्याची कैफियत लिहिलेली पाटी लावू नका. ते बिघडले तर गावातल्या कोणाही लोहाराला किंवा मोटार-दुरुस्ती करणाऱ्याला सुधारता आले पाहिजे. आणि दहा वर्षांनी, एखाद्या सकाळी, कोणास न सांगता ते काढून घ्या. तक्रार घेऊन कोण येतो ते पाहू. चार माणसे जरी आली आणि आम्हाला शांतता लाभली असे न म्हणता आमचे काही गेले असे म्हणाली, तर मी माझे सर्व आक्षेप मागे घेईन. पण मला भय वाटते ते असे की, दहा वर्षे कशाला, दुसऱ्याच पावसाळ्यात ते गंजून मुके होईल, आणि मुके झाल्याचे पहिल्यांदा लक्षात येईल ते भंगार विकत घेणाऱ्याच्या.

पुरस्कर्ता : तजवीज मी स्वीकारतो, फक्त तीच एक कसोटी, हे स्वीकारीत नाही. तुमच्या कसोटीत टिकणे हा गुण आहे आणि संपणे हा दोष. तँगलीने आपले यंत्र टिकू नये अशीच योजना केली होती, आणि तिच्यात केवळ थिल्लरपणा पाहणे मला अन्यायाचे वाटते. ज्या युगात प्रत्येक नाद साठवून ठेवता येतो, त्या युगात एखादा नाद परत न मिळण्यासाठी घडविणे, यात एक गंभीर विचार असू शकतो. त्याहून महत्त्वाचे असे की, एखादी वस्तू नाहीशी होऊनही तिचे काम झालेले असू शकते. बाशेंच्या काचेवर बोट फिरवून आलेले मूल घरी येऊन पितळी गडूच्या काठावरून बोट फिरविते आणि त्यातला स्वर शोधते. पार्चच्या बरण्यांविषयी ऐकलेला मनुष्य भांड्यांच्या दुकानात घागर घेताना टिचकी मारून केवळ पक्केपणाच पाहत नाही, थोडा अधिक वेळ कान देतो. शिल्प गंजले, भंगारात गेले; कान मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. रूसोलोची यंत्रे नष्ट झाली, पण गोंगाटातही निवड करता येते ही त्याची कल्पना पुढे कित्येकांनी उचलली. तुम्ही विचारता, शिल्पाचे काय उरले? मी विचारतो, ते ऐकून गेलेला मनुष्य इतर नादांकडे काय घेऊन गेला?

आक्षेपक : म्हणजे भांडण यंत्राविषयी नव्हतेच. कलेची रक्कम कोणाच्या खात्यावर जमा धरावयाची, वस्तूच्या की ऐकणाऱ्याच्या, येथे आपण दोघे अडलो आहोत. मी ती वस्तूच्या खात्यावर धरतो, कारण त्या खात्याची तपासणी करता येते. वस्तू समोर ठेवता येते, दहा वर्षांनी पुन्हा ऐकता येते, दुसऱ्याच्या हाती देता येते. तुमच्या खात्यात कोणीही उठून सांगावे की माझा कान बदलला, आणि आपण ती रक्कम बिनतक्रार जमा करावी! तेथे खोट्या नोंदी किती शिरल्या असतील, याचा हिशेब तुम्ही कधीच देऊ शकणार नाही, आणि या क्षेत्रातल्या भोंदूंना नेमके तेच हवे असते.

पुरस्कर्ता : खोट्या नोंदी शिरतात, हे खरे. तुमच्या खात्यातून खऱ्या नोंदी गळतात, हेही तितकेच खरे; कातड्यावर पहिला लेप देणाऱ्याचे नाव तुमच्या कोणत्याही वहीत नाही, आणि त्याने आधी वाया घालविलेल्या पुड्यांची तर दखलच नाही. तेव्हा तुम्ही तपासनीस राहा, त्याची गरज आहे. मी मात्र नापास झालेल्या खटपटींची एक यादी माझ्याजवळ ठेवणार, कारण त्यांतली कोणती खरोखर नापास झाली आणि कोणती केवळ मुदतीआधी तपासली गेली, हे आज तुम्हालाही सांगता येत नाही आणि मलाही.